फेतूईचा पहिला नियम

फेतूई समुद्रापलीकडच्या सुवा शहरात दवाखान्याचं व्यवस्थापन शिकत होती आणि इकडे तिचा बाप लेउतू, गावाचा प्रमुख, पोरगी डॉक्टर होतेय म्हणून सांगत सुटला होता. व्यवस्थापन म्हणजे काय, हे त्यालाच धड उमगलं नव्हतं. पदवी घेऊन ती आपल्याच सवाई बेटावरच्या दवाखान्यात व्यवस्थापक म्हणून रुजू झाली, पण तात्पुरती.

तिथल्या व्हरांड्यात रोग्यांचे सोयरे चटया अंथरून ठाण मांडत, मधोमध उकडलेल्या टारोच्या कंदांची टोपली. एकदा प्राणवायूची गाडी त्यातच अडली आणि रोगी थोडक्यात वाचला. मग फेतूईने नियम काढला: रोग्याजवळ दोघं, बाकीचे अंगणातल्या मांडवात.

"नियम टिकला तर नोकरी पक्की," मोठे डॉक्टर म्हणाले. "पण सोयऱ्यांपुढे आजवर कुणाचं चाललेलं नाही, बाई."

नियमाच्या पहिल्याच दिवशी चटया पडल्या त्या तिच्याच गावच्या. आत्या आजारी म्हणून अख्खं गाव लोटलं होतं आणि मधोमध बाप बसला होता.

पहारेकरी सेमो घाम पुसत म्हणाला, "ताई, तुमच्या वडलांना मी कसा उठवू? मला त्याच गावात राहायचंय!"

बसलेल्या प्रमुखाशी उभ्याने बोलणं म्हणजे चारचौघांत त्याचा अपमान. गप्प राहावं तर नोकरी गेली. फेतूई सरळ फरशीवर मांडी घालून बसली आणि 'बाबा' म्हणायचं कटाक्षाने टाळलं.

"लेउतू, गावाचे प्रमुख आपण आलात, दवाखान्याचा मान वाढला. पण या वाटेनं रोग्यांपर्यंत प्राणवायू जातो. दवाखान्यातर्फे विनंती करते, वाट द्या."

"अगं, तू डॉक्टर ना?" एक काकू फिस्कारली. "मग आत्याला तपासायचं सोडून आम्हाला काय हाकलतेस?"

लेउतूची मान खाली गेली. संपलं सगळं, असं फेतूईला वाटलं.

"डॉक्टर नाही ती," तो म्हणाला. "मीच थापा मारल्या. डॉक्टर म्हटल्याशिवाय तुम्ही तिला विचारणार नाही असं वाटलं, मूर्ख मी! हा अख्खा दवाखाना ती चालवते, हे मला आज उमगलं. उठा आता. दोघंच आत थांबा. आणि वहिनी, ती टोपली आधी उचला, वाटेत काय मांडून बसलात!"

चटया गुंडाळल्या गेल्या. लेउतू सगळ्यांत शेवटी उठला. मानाच्या माणसांसमोरून जाताना 'तुलोऊ', म्हणजे माफी असावी, म्हणत वाकतात, तसा तो बसलेल्या लेकीसमोरून कमरेत वाकून गेला आणि हळूच म्हणाला, "तुलोऊ."

प्राणवायूच्या गाडीला आता व्हरांडा मोकळा होता.