यादीत नसलेलं कार्ड

कॉलेजच्या प्रयोगशाळेतून सुटून शाईस्ता गेवराईच्या स्टँडमागच्या लॅपटॉप-दुरुस्तीच्या दुकानावर पोचली, तेव्हा दुकान चालवणाऱ्या तिच्या धाकट्या भावाचा, तौसीफचा, डावा हात टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात आवळलेला होता. त्याच्या भुवईतून रक्त गळत होतं. शिकंज्याचा दांडा अभिमन्यूच्या मुठीत होता. नदीकाठच्या चोरट्या वाळूचे टिप्पर त्याच्या इशाऱ्यावर चालायचे. त्याच्या माणसानं, धोंडीरामनं, तिच्या मागं शटर अर्धं खाली ओढलं.

"या ताई. तुमच्या भावानं आमचा लॅपटॉप मारून टाकला."

"न्हाई मारला, आपा..." तौसीफ बोलला, आणि अभिमन्यूनं दांडा फिरवला. तौसीफ जनावरासारखा ओरडला.

लॅपटॉप जुना होता. तो अभिमन्यूच्या जीपमध्ये असायचा आणि महसूलचं पथक येतंय का ते बघायला नदीच्या वाटेवरचे चार कॅमेरे दाखवायचा. त्याचं वायरलेस कार्ड गेलं होतं. बाहेरून लावलेले दोन डोंगल जीपच्या धक्क्यांनी मोडले, म्हणून तौसीफनं आतच नवं कार्ड बसवलं, बाजारातलं सगळ्यात वेगवान. तेव्हापासून पडद्यावर एक ओळ यायची आणि मशीन तिथंच थांबायचं. आज दुपारी वाट दिसली नाही आणि पथकानं टिप्पर धरला.

शाईस्तानं ती ओळ वाचली. "या कंपनीची जुनी मशीनं सुरू होतानाच कार्ड तपासतात. त्यांच्या यादीतलं नसेल तर पुढं जात नाहीत. यानं खाच बघितली, वेग बघितला. यादी नाही बघितली."

"मशीनला बी वळखीचाच माणूस लागतो काय बे!" धोंडीराम हसला.

तिनं कार्ड काढलं. लॅपटॉप सुरू झाला.

"आन् नेट?" अभिमन्यूनं विचारलं.

"कार्डाशिवाय नाही."

"मग आंधळं जित्राब काय करू?" दांडा पुन्हा फिरला. या वेळी काहीतरी कडकन मोडलं. तौसीफ शिकंज्यावरच वाकला.

शाईस्ता भंगाराच्या खोक्यावर वाकली. एक कार्ड खाचेपेक्षा लांब होतं, एक दुसऱ्याच कंपनीचं. तळाशी त्याच कंपनीचा, त्याच मालिकेतला, पडदा फुटलेला लॅपटॉप सापडला. तिनं त्यातलं कार्ड काढून वरचा नंबर वाचला. मग टेबलावरचं तारा कापायचं कटर उचललं आणि कार्ड त्याच्या जबड्यात धरलं.

"हात सोडा."

"आदी लाव."

"असं दुसरं इथं नाही. मागवायला आठवडा जाईल. आठवडाभर वाट आंधळी." तिनं कटर दाबलं. हिरवा कपचा उडाला. स्क्रूच्या भोकाबाहेरच्या त्या कोपऱ्यातून एकही तार जात नव्हती, हे फक्त तिला माहीत होतं.

धोंडीरामनं तिचे केस धरून डोकं काउंटरवर आपटलं. डोळ्यांपुढं पांढरं झालं. ओठ फुटला. तिनं कटर सोडलं नाही.

"अजून आपट," ती म्हणाली. "शुद्ध जाताना मूठ आवळते की सुटते, बघू."

"सोड तिला बे!" अभिमन्यू खेकसला.

दांडा उलटा फिरला. तौसीफची दोन बोटं भलत्याच बाजूला वळली होती.

"तौसीफ, समोर नबीचाचांची रिक्षा उभी हाय. सरकारी दवाखान्यात जा."

"तू, आपा?"

"जा म्हणते ना!"

शटर वर झालं. रिक्षा सुरू झाल्याचा, मग दूर गेल्याचा आवाज आला. त्यानंतरच तिनं कटर उघडलं. कार्ड खाचेत सरकवलं, अँटेनाच्या दोन्ही तारा कार्डाच्या टोकांवर दाबल्या, स्क्रू धरेना म्हणून चिकटपट्टी लावली. लॅपटॉप सुरू झाला. चार चौकटींत नदीची वाट दिसू लागली. त्यावर कुणीच नव्हतं.

अभिमन्यूनं लॅपटॉप काखेत मारला. "पुन्ना बिघडलं तर?"

"मला बोलवा. त्याला नाही."

"टिप्पर गेला त्याचं काय?" त्यानं उलट्या हाताची ठेवून दिली. ती खुर्चीसकट आडवी झाली. जीप निघून गेली.

दवाखान्यात तौसीफ भिंतीला टेकून बसला होता. तिचं तोंड बघून तो रडायला लागला.

"बोटं हलव," ती म्हणाली.

त्यानं दात आवळले. एक बोट किंचित हललं. दुसरं हललंच नाही.

"पुन्हा," शाईस्ता म्हणाली.