हिरवं विरजण

गुरुपादप्पा रिकामी टोपली घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा चांगुणाला मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बारा वर्षं ती या दिवसाची वाट बघत होती.

भूकंपाच्या साली घर पडलं आणि ती लेकीला घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेली. त्या हिवाळ्यात औशाजवळच्या तिच्या रानाकडे कोण बघणार? शेजारच्या गुरुपादप्पानं आपला मर लागलेला हरभरा उपटला आणि खुशाल तिच्या रानात टाकला. वर म्हणाला, "पडीकच तर हाय." पडीक नव्हतं ते, विधवेचं होतं.

मर ही मातीत ठाण मांडणारी बुरशी. पुढं दरसाल चांगुणाचा हरभरा फुलावर आला की माना टाकायचा. खोड चिरलं की आत काळी रेघ. त्याच हरभऱ्याच्या जिवावर तिची महादेवी लातूरला क्लासला गेली होती. दुसऱ्या वर्षी फी भरता येईना, तेव्हा चांगुणानंच जाऊन तिची वळकटी उचलून आणली. एस्टीत पोरगी एक शब्द बोलली नाही.

मग चांगुणा इरेला पेटली. कृषी सहायकाकडून ट्रायकोडर्माची पुडी आणली. ही मरीच्या बुरशीला खाणारी दुसरी बुरशी. सावलीत शेणखताचा ढीग घालायचा, त्यात पुडी कालवायची, वर ओलं पोतं. पंधरा दिवसांत ढीग हिरवा होतो. मधे ज्वारीचा फेरपालट. चार वर्षांत रान सुधारलं. आणि आता मर गुरुपादप्पाच्याच रानात बोकाळली होती. करावं तसं भरावं.

"जरा विरजण द्या, चांगुणाबाई," तो म्हणाला. गावात त्या खताला विरजणच म्हणत, आणि दारी आलेल्याला विरजण नाही म्हणायची रीत नाही. "औंदा हरभरा गेला तर शिवानीचा लातूरचा क्लास सुटंल. लई हुशार हाय नात माझी."

माझी लेक काय ढ होती? चांगुणानं टोपली भरली. तेवढ्यात तिला त्याची बोटं दिसली. लालभडक.

"बियाला लाल औषध चोळलंच हाय," तो म्हणाला. "त्याच्यावरच ह्ये विरजण बी चोळतो. डबल काम."

लाल औषध बुरशी मारतं. त्यात मारायची कोणती आणि जगवायची कोणती, हे औषधाला कळत नाही. एवढं सांगायला अर्धं वाक्य पुरलं असतं.

"चोळा की," चांगुणा म्हणाली. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

पौषात त्याचा हरभरा उभ्याउभ्या वाळला. ती रोज बांधावर जाऊन डोळे भरून बघून यायची.

काढणीला तिच्या रानात बाया आल्या, त्यांत शिवानी होती. नवखे हात, घाट्यांवरच्या आंबट आंबीनं चिरलेले. दुपारी ती चांगुणाजवळ येऊन बसली.

"आजी, लाल औषधानं ती हिरवी बुरशी मरते. मी क्लासमध्ये विचारलं, पण तवर पेरणी झाली होती. तुम्हाला ठाऊक होतं?"

खोटं बोलता आलं असतं. पण हे ऐकवण्यासाठीच तर बारा वर्षं काढली होती.

"हाव," चांगुणा म्हणाली. "ठाऊक व्हतं."

शिवानी रडली नाही, भांडली नाही. उठली, आपल्या ओळीत गेली आणि खाली मान घालून हरभरा उपटू लागली. अशी गप्प झालेली पोरगी चांगुणानं आधी एकदाच पाहिली होती, लातूरहून येणाऱ्या एस्टीत.