चंद्रभागाबाईंचा बिल्ला

मी बिल्ला बोलतोय. विश्रांतवाडीत घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या चंद्रभागाबाईंचा. मध्ये त्यांचा फोटो, खाली नाव, वरून प्लास्टिक. अंगभर अक्षरं आहेत, पण मला एकही वाचता येत नाही. बाईंनाही येत नाही, म्हणून आमचं बरं जमतं.

कचरावेचकांच्या संघटनेनं मला बाईंच्या हाती दिलं. त्यांनी पदरानं पुसून मला घरी बुद्धमूर्तीशेजारी ठेवलं. सून दीक्षा म्हणाली, “आई, हा गळ्यात घालायचा असतो.”

“कचऱ्यात नेऊ त्याला? माझं नाव आहे त्याच्यावर.”

झालं. वर्षभर मी अगरबत्तीच्या वासात बसून राहिलो. मान होता, काम नव्हतं.

मग एका सकाळी दीक्षाला फोन आला आणि ती मला मुठीत धरून पळत सुटली. सोसायटीच्या फाटकाशी बाई उभ्या होत्या. एका घरातला नवा पितळी नळ सापडत नव्हता, आणि सेक्रेटरी हिंमतराव वॉचमनला बाईंची झडती घ्यायला सांगत होते. अकरा वर्षं बाई त्यांच्याच दारातला कचरा उचलत होत्या.

“ओळखपत्र घरी ठेवायचं आणि हिंडायचं आमच्या दारांत. उत्तम,” हिंमतराव म्हणाले.

बाईंचे पाय हलले नाहीत. संघटनेच्या बैठकीत ऐकलेलं त्यांनी सावकाश सांगितलं, “पोतं बघा खुशाल. अंगाला हात लावायचा नाही. महिला पोलीस बोलवा, मी थांबते.”

दीक्षानं मला पुढे केलं. हिंमतरावांनी चष्म्याजवळ धरून वाचलं, “चंद्रभागा रतन रणपिसे.” अकरा वर्षांत हे नाव त्यांना ठाऊकच नव्हतं.

तेवढ्यात वरून निरोप आला. नळ बदलून आणायला प्लंबरनंच नेला होता.

“बरं, जा आता.”

“जाते की. पण चोर ठरवलंत ते चारचौघांत. चुकलं, हेही चारचौघांतच म्हणा.”

हिंमतरावांनी मला मुठीत धरूनच चष्मा पुसला, परत पुसला. मग म्हणाले, “चुकलं, चंद्रभागाबाई.”

त्या दिवसापासून मी बाईंच्या गळ्यात आहे. घामानं फोटो पुसट झालाय, अंगाला सडक्या भाजीचा वास येतो. मला तो आवडतो. आभार कुणाकुणाचे मानू? संघटनेचे, पळत आलेल्या सुनेचे, आणि हो, हिंमतरावांचेही. चूक कबूल करणं माणसाला किती जड जातं, ते मी त्यांच्या हातात असताना पाहिलंय.

काल वॉचमननं मला निरखून पाहिलं. त्या दिवशी झडतीसाठी त्याचा हात उठला नव्हता.

“मावशी, असा बिल्ला आम्हालेही भेटते का? दोन वर्षं झाली, सारे ‘ए वॉचमन’च म्हणतात.”

बाई ओशाळल्या. त्याही तेच म्हणत आल्या होत्या.

“आधी तुझं नाव सांग, बाबा.”

“संतोष.”

त्याच्या गणवेशावर कंपनीचं नाव आहे, त्याचं नाही, हे त्यानंच सांगितलं. तुमच्याही फाटकाशी कुणी उभा असेल. जाता-येता तेवढं नाव विचारा, एवढंच माझं मागणं.