गॅलरीतून आलेल्यांसाठी कारलं

माझ्या नातीला, उर्जाला, खोकला लागला. इथल्या, जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या डॉक्टरीणबाईंनी तिची छाती तपासली आणि विचारलं, घरात सिगारेट कोण ओढतं? माझा मुलगा पुष्कर म्हणाला, घरात कोणी नाही, मी गॅलरीत ओढतो. बाई म्हणाल्या, धूर कपड्यांना चिकटून आत येतो, पोरीच्या छातीला तो सोसत नाही, सोडा. हे मला सुनेकडून, वैभवीकडून कळलं. पुष्कर कुठला सांगतोय.

पीएचडी करतो तो. चौथी शिकलेल्या आईचं कशाला ऐकेल? म्हणून मी वाद घातलाच नाही.

दुसऱ्या दिवशी तो गॅलरीतून आत आला, तर दारात मी. पुढ्यात बादली, हातात बशी, बशीत कारल्याची फोड.

"हे काय, आई?"

"स्मशानातून आलेला माणूस पाय धुतो, कडुनिंब चावतो, अंघोळ करतो, मगच लेकराला शिवतो. इथे कडुनिंब मिळत नाही. कारलं चाव."

"अगं, मी सिगारेट ओढून आलोय."

"अंगाला वास धुराचाच येतोय. कोण गेलं?"

"अहो आई, घरात बाळ आहे, असलं अभद्र नका बोलू," वैभवी म्हणाली. पण बशी तिनेच त्याच्यापुढे सरकवली.

मग जितक्या सिगारेटी तितक्या अंघोळी. बाहेर बर्फ. पोरगा शिंकून बेजार, पण हट्ट सोडेना.

रविवारी त्याचे प्रोफेसर कॉफीला आले. दोघे गॅलरीत धूर काढून परतले, तर दारात मी. प्रोफेसर सज्जन. त्यांना वाटलं, आपल्याकडचं आदरातिथ्य. बूट-मोजे काढून त्यांनी पाय बादलीत घातले, कारलं चावलं. त्यांचं तोंड बघून मी पदर तोंडाला लावला. मग त्यांनी विचारलं, ही प्रथा कशाची? वैभवी माझ्या कानात सगळं मराठीत सांगत होती.

पुष्करने माझ्याकडे पाहिलं. मी बादलीकडे. शेवटी त्याने सांगितलं, स्मशानातून आल्यावरची.

प्रोफेसरांनी आवाज खाली आणला. "कोण वारलं?"

पुष्कर तोंड उघडणार, तोच आतून उर्जाचा खोकला ऐकू आला. थांबेचना. त्याने खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून बशीत टाकलं.

"गेनाऊ," मी म्हणाले. म्हणजे अगदी बरोबर. मला तेवढंच जर्मन येतं.

प्रोफेसरांनी मात्र जाताना रस्त्यातच पेटवली. मी खिडकीतून पाहिलं. त्यांची आई इथे नसावी.

उरलेल्या कारल्यांची मी भाजी केली. पुष्करने मुकाट्याने खाल्ली, हात धुतले आणि लेकीला थेट मांडीवर घेतलं. मी बादली उचलून ठेवली. फेकली नाही.