लाइनमन आला की काटा चढायचा

पालेगावातल्या त्या आठ घरांच्या गल्लीत एक नियम होता. लिहिलेला कुठेच नव्हता, पण पाळायचे सगळे. गल्लीच्या तोंडाशी लाइट ऑफिसचा लाइनमन दिसला की पहिल्या घरातले शिवरामकाका शिट्टी मारायचे आणि आठही घरांत पटापट बटणं बंद व्हायची. एसी बंद, कूलर बंद, बोअरचा पंप बंद, इस्त्री बंद. शिवरामकाका तीस वर्षं कंपनीत वॉचमन होते. रिटायर होताना त्यांनी काठी परत केली, टोपी परत केली, शिट्टी तेवढी राहून गेली.

आता तुम्ही म्हणाल, चोरीची लाइट वापरत असतील. अजिबात नाही! बिलं वेळच्या वेळी भरणारी माणसं ती. पण मीटर घेताना प्रत्येकाने फॉर्मवर दोन पंखे आणि चार ट्यूबलाइट लिहिल्या होत्या. त्यानंतर कोणाच्या मुलाने एसी आणला, कोणी फ्रिज मोठा केला, आणि लाइट ऑफिसला कळवायचं प्रत्येकाने उद्यावर टाकलं. आता कळवावं तर दंड होईल ही भीती. त्यामुळे लाइनमन म्हटलं की सगळ्यांची धावपळ.

गल्लीच्या टोकाला शेवटचं घर यशोधराचं. तिने एकोणीस वर्षं शेजारच्या शहरात, कॅम्प तीन भागातल्या जीन्सच्या कारखान्यात धागे कापले. जीन्सचा रंग उतरून बोटं कायम निळी. मग डोळे अधू व्हायला लागले, सुईएवढा धागा दिसेना. तेव्हा तिने कारखान्याला रामराम ठोकला आणि बाहेरच्या खोलीत घरघंटी आणून बसवली, म्हणजे कपाटाएवढी घरगुती पिठाची गिरणी. महिन्याभरात निळी बोटं पांढरी झाली. नवरा हरिचंद्र रोज संध्याकाळी कामावरून आला की दारातूनच विचारायचा, "काय मालकीणबाई, आज किती गावांना पीठ पुरवलं?" ती म्हणायची, "तुझी भाकरी तरी घरच्या पिठाची आहे ना? मग गप खा." पण मालकीणबाई हा शब्द तिला फार आवडायचा.

आणि नेमकं मे महिन्यात घरघंटीने अंग टाकलं. संध्याकाळी सातला बायका डबे घेऊन यायच्या, आणि सातलाच मशीन कण्हत फिरायचं. एके दिवशी जळका वास आला आणि मोटरच बंद पडली. यशोधराने ती रिक्षात घालून कॅम्प तीनला, जिथून गिरणी घेतली होती त्या मुकेश सेठच्या दुकानात नेली. मुकेशने मोटर उघडून नाकाशी धरली.

"ताई, कॉइल जल गई. आपके यहाँ व्होल्टेज कमी आहे."

"कमी आहे तर हळू फिरेल ना? जळेल कशी?"

"मोटर जिद्दी असते. कामाला जोर कमी पडला की ती करंट जास्त खेचते, मग तापते. या वेळी वॉरंटीत करून देतो. अगली बार कंपनी हात वर करेल, आणि मीपण." त्याने फळीवरून काट्याचा एक व्होल्टमीटर काढून तिच्या हातात ठेवला. "हा भिंतीवर लावा. काटा दोनशेच्या खाली गेला की मशीन बंद. और क्या!"

मीटर लागला आणि यशोधराचा धंदा काट्याच्या हातात गेला. दुपारी दोनशे दहा. संध्याकाळी सातला एकशे पासष्ट. म्हणजे दुपारी गिरणी चालू तर गिऱ्हाईक झोपलेलं, आणि संध्याकाळी गिऱ्हाईक दारात तर गिरणी बंद. बायका दोन दिवस थांबल्या, तिसऱ्या दिवशी नाक्यावरच्या चक्कीत जायला लागल्या. एकटी गोजरबाई तेवढी टिकून होती. बाजूच्याच घरातली सत्तरीची म्हातारी, ही सगळी गल्ली तिच्याच भातशेतीवर उभी राहिलेली. ती म्हणायची, "नाक्यावर जायला माझं गुडघं नाय चालत. तू दुपारी दे, नायतर उद्या दे."

पण एका म्हातारीच्या तांदळावर गिरणी चालत नाही. अशात कारखान्यातून निरोप आला, माणसं कमी आहेत, येतेस का परत? रात्री हात धुताना यशोधराने बोटांकडे बराच वेळ बघितलं. तिला परत निळं व्हायचं नव्हतं, काही केल्या नाही.

तिने तक्रार नोंदवली. एका संध्याकाळी महेंद्र नावाचा लाइनमन आला. चांगला माणूस, पण चार गावांची लाइन एकट्याच्या गळ्यात. गल्लीच्या तोंडाशी शिट्टी वाजली. यशोधराच्या दारात येऊन त्याने आपल्या मीटरच्या पिना बोर्डात घातल्या. "दोनशे तीस. मावशी, एवढं झकास व्होल्टेज आमच्या साहेबांच्या घरीपण नसेल." तो गेला, पाच मिनिटांत काटा परत एकशे पासष्टवर. यशोधराला वाटलं, हा काय जादूटोणा!

दुसऱ्या खेपेला ती काट्यासमोरच खुर्ची टाकून बसली. गिरणी बंदच होती. काटा एकशे सत्तरवर. आणि अचानक तो चढायला लागला. एकशे ऐंशी, एकशे पंच्याण्णव, दोनशे दहा, दोनशे पंचवीस. दोनशे तीसला टेकला आणि दारातून आवाज आला, "मावशी, आहात का?"

यशोधराने कपाळावर हात मारला. काटा लाइनमनच्या पावलांवर चढत होता! जसजसा तो एकेक घर ओलांडत येत होता, तसतशी एकेका घरातली बटणं बंद होत होती, आणि तिच्या दारात तो पोचायच्या आत सगळी गल्ली सोज्वळ होऊन बसत होती.

महेंद्र गेल्यावर तिने मुकेश सेठला फोन लावला. तो पोट धरून हसला. "ताई, बिल्डिंगमधले सगळे नळ बंद ठेवून पाण्याचं प्रेशर बघितलं तर काय दिसणार? फुल्लच दिसणार! सगळ्यांनी नळ उघडू देत, मग बघा. कुठेतरी जॉइंट ढिला असेल. लोड असल्याशिवाय तो सापडणार नाही."

मग काय, यशोधराने गल्ली गोळा केली आणि झाडून सगळ्यांना झाडलं. "तुमच्या भीतीपायी माझी गिरणी मरते आहे, कळतंय का? पुढच्या खेपेला कोणी बटणाला हात लावायचा नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. शिवरामकाका तर म्हणाले, "अगं, तुझी गिरणी म्हणजे गल्लीची गिरणी. शिट्टी मारली तर नाव बदलीन."

तिसऱ्या खेपेला महेंद्र संध्याकाळी सातला आला. शिट्टी वाजली नाही. पण काटा मात्र दोनशे तीसवर जाऊन उभा राहिला. प्रत्येकाने मनात हाच हिशेब केला होता की बाकी सात घरं चालू आहेत, माझा एक एसी बंद केला तर काय फरक पडतोय! सातही घरं तसाच विचार करणारी.

यशोधराच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं. तिने गिरणीत गहू ओतले आणि बटण दाबलं. काटा दोनशे बावीसवर आला, बस्स. महेंद्रने मीटर बघितला आणि मान हलवली.

"हे काहीच नाही मावशी. तिसरी खेप आहे. साहेब म्हणाले, आज काही सापडलं नाही तर तक्रार बंद. ग्राहकाचा गैरसमज असं लिहायला लागेल."

"गैरसमज? जळलेली कॉइल दाखवू का तुला?"

महेंद्र खुळा नव्हता. त्याने गल्लीकडे बघितलं. मे महिन्याची संध्याकाळ, आणि एकाही घरात एसी-कूलरचा आवाज नाही. खिडक्यांतून घामाघूम माणसं वारा घेतल्यासारखं करत होती. तो हळूच म्हणाला, "कोणाकडे एसी आहे, पंप आहे, तेवढं सांगा. मी जाऊन चालू करायला लावतो. नाहीतर माझाही नाइलाज आहे."

यशोधराला सगळं ठाऊक होतं. काका पहिल्या घरात, एसी. तिसऱ्यात दोन कूलर. गोजरबाईचा बोअरचा पंप. एक नाव घेतलं असतं तर गिरणी वाचली असती. पण नाव घेतलं आणि याने कागद काढला तर? ज्या बायकांनी तिच्या आजारपणात जेवणाचे डबे दिले, त्यांच्या दारात नोटीस जायची. तिच्या तोंडापर्यंत आलेलं नाव तिने गिळलं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "मी दुसऱ्याच्या घरात बघत नाही." आणि हळू आवाजात, "लिही काय लिहायचं ते."

दारात गोजरबाई उभी होती. हातात तांदळाचा डबा. ती कधीची येऊन थांबली होती कोणास ठाऊक. तिने डबा उंबऱ्यावर ठेवला आणि मागे फिरली. दोन मिनिटांनी बाजूच्या घरातून पंपाचा घुर्रर्र आवाज आला आणि काटा दचकून दोनशे बारावर उतरला. भिंतीपलीकडून गोजरबाईचा खणखणीत आवाज आला, "लाइनवाल्या! पंप माझा हाय. गोजरबाई नाव. पयला माझा नाव लिव! आन गो बायांनो, ती पोर तुमची नावं गिळून बसलीय. लाज वाटू द्या जरा!"

गल्लीत क्षणभर काही हललं नाही. मग काटा हलला. दोनशे एक. "हा तिसऱ्या घरातला कूलर," यशोधरा पुटपुटली. एकशे ब्याण्णव. "हा दुसरा कूलर." लगेच एक मोठी घसरण, एकशे ऐंशी. "काका! हे आमचे काका!" काटा उतरत होता आणि यशोधरा रडत हसत होती. आजवर हा काटा खाली आला की तिचा जीव खाली जायचा. आज प्रत्येक घसरणीत तिला एकेक दार उघडताना ऐकू येत होतं.

एकशे पासष्ट. गिरणी कण्हायला लागली.

"बंद करा मावशी, जळेल!" महेंद्र ओरडला.

"आधी तू वर बघ!" ती ओरडली. "मी बंद केली तर परत काहीच दिसणार नाही तुला!"

महेंद्र धावत खांबाकडे गेला, मागोमाग अख्खी गल्ली. दिवेलागणीची वेळ, आभाळ अजून पुरतं काळवंडलं नव्हतं. खांबाच्या टोकाला जिथून गल्लीची वायर निघत होती, तिथला जोड लालबुंद तापला होता. त्यातून बारीक ठिणग्या पडत होत्या, आणि बरोबर खाली शिवरामकाकांच्या एसीची बाहेरची पेटी होती. काकांनी ते बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

"सगळं बंद करा," महेंद्र म्हणाला. या वेळी बटणं बंद झाली ती पहिल्यांदाच योग्य कारणासाठी. त्याने लाइन बंद केली, शिडी लावली, जळका जोड कापून नवा पक्का बसवला. पाऊण तास लागला. उतरून त्याने घाम पुसला आणि गोळा झालेल्या चेहऱ्यांकडे बघितलं.

"मी लाइन बघायला आलो होतो, तुमचे एसी मोजायला नाही. ऑफिसात येऊन लोड वाढवायचा अर्ज द्या आणि सुखाने झोपा. एवढ्यासाठी आठ घरं जाळणार होता काय?"

गोजरबाई पुढे सरकून म्हणाली, "माझा नाव लिवलास का पयला?"

लाइट आली. सगळं चालू केलं तरी काटा दोनशे सव्वीसवर ठाम. यशोधराने भीत भीत गिरणीचं बटण दाबलं, आणि ती अशी सुरात फिरली की हरिचंद्र चहाचा कप घेऊन ऐकतच उभा राहिला. "मालकीणबाई," तो म्हणाला, आणि कप तिच्यापुढे धरला.

दहा-बारा दिवसांनी, संध्याकाळी सातला, दारात बायकांची रांग लागलेली असताना शिट्टी वाजली. शिवरामकाकांची सवय, दुसरं काय! यशोधराचे हात थांबले. तिची नजर आपसूक भिंतीवर गेली. गल्लीतून महेंद्र चालत येत होता, खांद्यावर घरच्या गव्हाची पिशवी. एक घर, दोन घरं, तीन घरं.

"मावशी, नंबर लागेल का?" त्याने दारातून विचारलं.

काटा दोनशे सव्वीसवरच होता. तो तसूभरही चढला नव्हता.