स्विचला पावलेली जिलबी

जिंतूरच्या लिंगराजनं खंडेनवमीला आपल्या क्लासातले कॉम्प्युटर पुजले, अन् सगळ्यांच्या वायरी जिथं जोडल्यात त्या स्विचच्या डब्बीलाबी हळद-कुंकू लावलं. दसरा झाला, पोरं ऑनलाइन परीक्षेला आली, अन् नेट ठप्प!

"बालाजीभाऊ, आज इज्जत जायलीय माझी!"

वायरिंगवाल्या बालाजीनं बघितलं तर डब्बीवरचे दिवे येड्यासारखे लुकलुकायलते. एकाच वायरीची दोन्ही टोकं त्याच डब्बीत! त्यानं हसू दाबलं.

"देव कोपलाय. डोळे मिट, जिलबी कबूल कर."

लिंगराजनं डोळे मिटले. बालाजीनं हळूच एक टोक उपसलं. दिवे शांत झाले, नेट आलं, पोरांनी कल्ला केला.

"खरं सांग, झालं काय होतं?"

"स्विच ज्याचा सांगावा त्यालाच देतो. सगळ्यांसाठीचा असला तर सगळीकडं सोडतो. हितं एका वायरीची दोन्ही टोकं डब्बीतच खोचलेली, म्हणून सोडलेला सांगावा फिरून त्याच्याकडंच यायलता, अन् हा परत वाटत बसायलता. बाकीच्यांना वाटच न्हाई!"

"पण टोक खोचलं कुणी?"

लिंगराजची बायको त्रिवेणी पदराआड हसली. "पूजेत लोंबतं बरं दिसंना, म्हणून मीच…"

"मंग देव कोपलाच नव्हता की!" लिंगराज ओरडला.

"कबूल केलेलं फिरवू नको. देवाचा वाटा माझ्याकडं दे," बालाजीनं पोटावरून हात फिरवला, "मी बरोबर पोचवतो."