आठ सेकंद

शर्यतींचा मोसम संपला की मी दोन महिने घड्याळ कपाटात टाकतो आणि सायकलवर रमतगमत भटकतो. यंदा ताईच्या गावी गेलो.

गेल्या वर्षीच्या मॅरेथॉनचा रस्ता तिच्या दारावरूनच होता. ताई फाटकात साखर-मीठ घातलेल्या पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. मी नुसता हात हलवला आणि पुढे पळालो. चार तासांच्या आत आलो, तेही आठ सेकंद राखून! मूर्खासारखा ज्याला त्याला तेच सांगत सुटलो. महिन्याभरात ताई गेली. तेव्हा माणसांच्या गर्दीत भावोजींशी धड बोलणंही झालं नव्हतं.

आता त्यांनीच दार उघडलं. मला बसवून आत गेले आणि तसंच पाणी करून घेऊन आले.

"त्या दिवशी तिला उभंही राहवत नव्हतं," ते म्हणाले. "मी खुर्ची आणली, तर म्हणाली, बसले तर कुंपणाआडून त्याला दिसायची नाही."

मी ग्लास उचलून तोंडाला लावला.

"सावकाश पी," भावोजी म्हणाले. "आज कुठे पळायचंय तुला?"